घरचं की आभाळातलं?

आकाशदर्शनाच्या रात्री खऱ्या गप्पा रंगतात त्या ढग आल्यावर. दुर्बिणीवर आवरण चढतं, थर्मासमधला चहा फिरतो आणि तोवर रांगेत ताटकळलेली माणसं सतरंजीवर ऐसपैस बसून मनातलं विचारू लागतात. कर्जत मार्गावरच्या वांगणीला मुंबईचं खगोल मंडळ वर्षानुवर्षं रात्रभराचे कार्यक्रम करत आलं आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ सालची. अशा मंडळांत वावरलेल्या कुणालाही हे प्रश्न पाठ असतात. ‘काका, आम्ही लोकलमधून येताना चंद्र आमच्याबरोबर का येत होता?’ ‘कोजागरीचा चंद्र उगवताना परातीएवढा, आणि मध्यरात्री दुधात बघताना एवढासा कसा?’ ‘संक्रांतीपासून दिवस मोठा होतो ना, मग जानेवारीत मुलांना शाळेत सोडताना अंधार का असतो?’ ‘मृग लागला म्हणतात, तेव्हा आकाशात मृग कुठे असतो?’ ‘अवकाशाला वास असतो का हो?’

कृष्णविवरांच्या आणि महास्फोटाच्या चर्चेपुढे हे प्रश्न किरकोळ मानले जातात. माझं मत उलट आहे. यांतल्या बहुतेकांच्या पोटात एकच मूळ प्रश्न दडलेला असतो: जे दिसतंय ते खरोखर वरचं आहे, आपल्या घरचं आहे, की आपल्या डोक्यातलं? मोठमोठ्या वेधशाळांतल्या माणसांचीही झोप याच प्रश्नानं उडवली आहे. त्यांनी तो कसा सोडवला, याच्या हकिगती ढगाळ रात्री सांगाव्या अशाच आहेत.

त्यांतली सर्वांत बोलकी हकिगत ऑस्ट्रेलियातली. न्यू साउथ वेल्स प्रांतात पार्क्स गावाजवळ ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. १९६१पासून ती काम करते आहे. १९६९मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हाची दृश्यं जगभर पोचवण्यात तिचा मोठा वाटा होता. २००७ साली डंकन लॉरिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुर्बिणीच्या २००१ सालच्या नोंदी पुन्हा चाळल्या आणि त्यांना एक विलक्षण गोष्ट सापडली. पाच मिलिसेकंदांपेक्षाही कमी काळ टिकलेला, पण अतिशय जोरदार असा रेडिओ लहरींचा एक झटका. त्यातल्या जास्त वारंवारतेच्या लहरी आधी पोचल्या होत्या, कमी वारंवारतेच्या मागून आल्या होत्या.

या पुढेमागे येण्यातच सगळी गंमत आहे. ताऱ्यांमधली जागा अगदी रिकामी नसते. तिथे मोकळे इलेक्ट्रॉन विरळ पसरलेले असतात आणि कमी वारंवारतेच्या लहरींना ते जास्त रेंगाळवतात. आळंदीहून एकाच वेळी निघालेले पण वेगवेगळ्या चालीचे वारकरी जसजसे पुढे जातील तसतसं त्यांच्यातलं अंतर वाढत जातं, तसंच या लहरींचं होतं. कोण किती मागे पडलं यावरून वाट किती लांबची होती याचा अंदाज बांधता येतो. लॉरिमर यांच्या झटक्याची वाट फारच लांबची निघाली. तो आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ पलीकडून आला असावा, असं गणित सांगत होतं.

मग २०११मध्ये सारा बर्क-स्पोलाओर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अडचण पुढे मांडली. पार्क्सच्याच जुन्या नोंदींत तसलेच आणखी झटके होते. त्यांतही जास्त वारंवारता आधी आणि कमी वारंवारता नंतर होती. मात्र पार्क्सचा ग्राहक एका वेळी आकाशाचे १३ शेजारशेजारचे ठिपके पाहत असे, आणि हे झटके सगळ्याच ठिपक्यांत एकदम उमटले होते. खरा दूरचा स्रोत एखाद्या-दुसऱ्या ठिपक्यातच दिसतो. सगळीकडे एकदम दिसतं ते जवळचं असतं. या झटक्यांना ‘पेरिटॉन’ असं नाव पडलं, आणि लॉरिमर यांचा शोधही संशयात सापडला. तोही असाच कुठला तरी जवळचा गोंगाट नसेल कशावरून?

पेरिटॉनांची एक खोड होती. ते कामाच्या वेळेत येत, आणि त्यातही दुपारच्या जेवणाच्या सुमारास दाटी करत. आकाशातल्या कुठल्याही वस्तूला पार्क्सच्या जेवणाची वेळ कळण्याचं कारण नाही. २०१४च्या अखेरीला तिथे आसपासचे रेडिओ लहरींचे अडथळे टिपणारं उपकरण बसवलं गेलं. जानेवारी २०१५मध्ये एकाच आठवड्यात तीन पेरिटॉन आले आणि तिन्ही वेळा या उपकरणानं त्याच क्षणी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास एक लहर नोंदवली. ही वारंवारता आपल्या ओळखीची आहे. स्वयंपाकघरातले मायक्रोवेव्ह ओव्हन तिथेच चालतात.

त्या वेळी पीएच. डी. करत असलेल्या एमिली पेट्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग सुरू केले. ओव्हनमध्ये पाण्याचा कप ठेवून तो चालू केला. काहीच उमटलं नाही. ओव्हन आपली वेळ संपवून नीट बंद झाला की दुर्बिणीला त्याचा पत्ता लागत नव्हता. मग लक्षात आलं की माणसं ओव्हन असा वापरत नाहीत. घंटी वाजायची वाट न पाहता दार ओढून उघडतात. तसं केल्यावर पेरिटॉन हजर झाला. चालू ओव्हनचं दार उघडलं की आतला लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन बंद पडतो, पण बंद पडतापडता क्षणभर १.४ गिगाहर्ट्झच्या आसपास लहरी सोडतो. त्या दारातून बाहेर पडतात आणि दुर्बिणीचं तोंड योग्य बाजूला असेल तर तिला ऐकू येतात. नेमक्या याच पट्ट्यात हायड्रोजनची लहर येत असल्यामुळे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ तिथे कान लावून बसलेले असतात. कुणाला तरी भूक लागली होती, एवढंच त्या गूढ झटक्यांमागचं कारण.

ही हकिगत बहुतेक वेळा इथेच, हशा पिकवून संपवली जाते. मला ते पटत नाही, कारण तिचा महत्त्वाचा भाग पुढे आहे. पेरिटॉनांचा उगम कळल्यामुळे ते बाजूला काढता आले, आणि जे उरले ते खरे ठरले. २०१६मध्ये असा एक स्रोत पुन्हा पुन्हा झटके देताना सापडला. २०१७मध्ये त्याचं घर कळलं: सुमारे ३ अब्ज प्रकाशवर्षं दूरची एक छोटी दीर्घिका. एप्रिल २०२०मध्ये आपल्याच आकाशगंगेतल्या एका मॅग्नेटारनं, म्हणजे प्रचंड चुंबकीय क्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यानं, तसाच झटका दिला आणि निदान काही झटक्यांचा कर्ता तरी उघड झाला. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी या आपल्या रेडिओ दुर्बिणीनंही असे झटके टिपले आहेत. पार्क्सच्या त्या मंडळींनी ओव्हनपर्यंत माग काढण्याची चिकाटी दाखवली नसती, तर या साऱ्यावर संशयाचं सावट कितीतरी काळ राहिलं असतं.

रेडिओ दुर्बिणी घरगुती उपकरणांना एवढ्या का घाबरतात, हेही सांगायला हवं. आकाशातून येणारे रेडिओ संदेश कल्पनेपलीकडे क्षीण असतात. चंद्रावर एखादा साधा मोबाइल चालू करून ठेवला, तर पृथ्वीवरून तो आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक ठरेल. जीएमआरटीच्या ३० अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. त्यांना मोबाइलच्या मनोऱ्यांचा त्रास होतो आणि उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांवर उडणाऱ्या ठिणग्यांचाही. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं भारतातली पहिली रेडिओ दुर्बीण १९६५ साली उभी राहिली ती कल्याणला. सहा फुटी ३२ तबकड्या, त्याही ऑस्ट्रेलियातून आलेल्या. आजचं कल्याण पाहिलं की तिथे कुणी सूर्याच्या रेडिओ लहरी ऐकत बसलं होतं, यावर विश्वास बसणं कठीण जातं.

पेरिटॉन पकडले गेले ते त्यांच्या वेळापत्रकामुळे. संशयास्पद गोष्ट कुणाच्या घड्याळानं चालते, हा प्रश्न खगोलशास्त्रात फार कामाचा आहे, आणि त्याचं उत्तर चार मिनिटांत लपलेलं आहे.

पृथ्वी स्वतःभोवती एक गिरकी घेते ती २३ तास ५६ मिनिटांत. पण तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीच्या वाटेवर सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते. त्यामुळे सूर्य पुन्हा त्याच जागी दिसायला तिला आणखी चार मिनिटं फिरावं लागतं. आपली घड्याळं, कचेऱ्या, जेवणं, ओव्हन हे सगळं सूर्याच्या २४ तासांवर चालतं. तारे मात्र रोज चार मिनिटं आधी उगवतात. महिन्याला दोन तास होतात आणि वर्षाला पूर्ण फेरा. म्हणून एखादी खरखर रोज त्याच वेळी येत असेल तर ती माणसाची, आणि रोज चार मिनिटं आधी येत असेल तर ती ताऱ्यांची.

ही कसोटी कशी कामी येते ते कार्ल जान्स्की यांच्या गोष्टीतून कळतं. ते अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करणारे तरुण अभियंते. समुद्रापारच्या टेलिफोनमध्ये होणारी खरखर कुठून येते हे शोधणं, एवढंच त्यांचं काम. त्यांनी न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे एक लांबलचक अँटेना उभारली आणि ती फोर्ड मोटारीच्या चाकांवर गोल फिरती केली. विजांची खरखर ओळखून वेगळी काढल्यावर एक मंद, सतत येणारी सुसकार उरली. १९३१च्या डिसेंबरच्या सुमारास ती सूर्याच्या दिशेनं येत होती, म्हणून आधी सूर्यावरच संशय गेला. पण आठवडे सरले तशी ती सूर्यापासून सुटून निघाली, रोज चार मिनिटं आधी येऊ लागली. जान्स्कींनी वर्षभर नोंदी ठेवल्या आणि १९३३ साली जाहीर केलं की ही सुसकार धनू राशीच्या बाजूनं, म्हणजे आकाशगंगेच्या मध्याकडून येते आहे. डिसेंबरात सूर्य त्याच दिशेला असतो, त्यामुळे सुरुवातीला फसगत झाली होती. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा टेलिफोनच्या तक्रारीतून झाला. जान्स्की अवघ्या ४४व्या वर्षी गेले. रेडिओ स्रोतांची तीव्रता आज त्यांच्या नावाच्या एककात मोजतात.

१९६७मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या विद्यार्थिनीनं तीच कसोटी लावली. साडेचार एकरांवर खांब आणि तारा उभारून केलेल्या दुर्बिणीतून रोज सुमारे ३० मीटर लांबीचा आलेख बाहेर पडायचा आणि तो तिला नजरेखालून घालावा लागायचा. त्यात कधी कधी अर्ध्या इंचाची एक चिरमुटलेली रेघ दिसे. ती ताऱ्यासारखी नव्हती आणि माणसाच्या गोंगाटासारखीही नव्हती. पण ती ताऱ्यांचं घड्याळ पाळत होती. तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांनी एक चांगली शंका काढली: ताऱ्यांच्या घड्याळानं चालणारी माणसंही आहेत, ती म्हणजे इतर खगोलशास्त्रज्ञ! त्यांनी दुसऱ्या वेधशाळांना पत्रं पाठवून विचारलं की तुमचं असलं काही काम चालू आहे का. उत्तर नकारार्थी आलं. नोव्हेंबरअखेर आलेखाचा वेग वाढवल्यावर त्या रेघेचे सुटे ठोके दिसले, दर १.३३ सेकंदांनी एक. गिरकी घेणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचा, पल्सारचा तो पहिला शोध. १९७४च्या नोबेल पारितोषिकात ह्यूइश यांचं नाव होतं, बेल यांचं नव्हतं. हा अन्याय होता असं मला वाटतं, आणि असं वाटणारा मी एकटा नाही. २०१८मध्ये त्यांना तीस लाख डॉलरचं एक मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हा ती सगळी रक्कम त्यांनी होतकरू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली.

त्याच चार मिनिटांत मृगाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरला. ती तारीख असते ७ किंवा ८ जून. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते त्याच्याबरोबर उगवतं आणि त्याच्याबरोबर मावळतं. म्हणून शेतकरी ज्या मृगाची वाट पाहतो, तो मृग त्या दिवशी आकाशात दिसूच शकत नाही. पुढे तो रोज चार मिनिटं लवकर उगवू लागतो, आणि डिसेंबरच्या मध्यावर संध्याकाळी पूर्वेला व्याधाला मागे घेऊन वर येताना दिसतो.

मात्र घड्याळाची कसोटी सगळीकडे चालत नाही. १९६०च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत तीन ताऱ्यांच्या वर्णपटात अचानक पोटॅशियमच्या ठळक रेषा उमटल्या. तारा एकाएकी पोटॅशियमनं पेटून उठावा आणि पुढच्या निरीक्षणात त्याचा मागमूसही नसावा, हे कोडंच होतं. कॅलिफोर्नियातल्या तीन खगोलशास्त्रज्ञांनी १९६७मध्ये यावर साधा प्रयोग केला. वर्णपटमापकाजवळ त्यांनी आगकाडी ओढली. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं, आणि तिच्या उजेडात अगदी त्याच रेषा दिसल्या. वेधशाळेत कुणीतरी अंधारात काडी पेटवली होती. ताऱ्याचा प्रकाश इतका मिणमिणता असतो की काडीचा चुकार उजेडही त्याच्यावर मात करतो.

हल्ली तर घरच्या वस्तू खरोखरच वर जाऊन बसल्या आहेत. सप्टेंबर २००२मध्ये बिल युंग या हौशी निरीक्षकाला पृथ्वीभोवती फिरणारी एक नवी वस्तू सापडली. पृथ्वीला दुसरा चंद्र मिळाला की काय, अशी चर्चा झाली. तिच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश तपासला तेव्हा तो टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या रंगाशी जुळला. आपल्या भिंतींच्या रंगाला पांढरेपणा येतो तो याच पदार्थानं. ती वस्तू म्हणजे नोव्हेंबर १९६९मध्ये अपोलो १२ला घेऊन गेलेल्या अग्निबाणाचा तिसरा टप्पा होता, अशी खूण पटली. आणि जानेवारी २०२५च्या सुरुवातीला लघुग्रहांच्या अधिकृत यादीत ‘२०१८ सीएन४१’ असं नाव देऊन घेतलेली वस्तू दुसऱ्याच दिवशी यादीतून काढावी लागली, कारण ती २०१८ साली अवकाशात सोडलेली टेस्ला कंपनीची मोटार होती.

याउलटही घडतं. घरचं म्हणून झटकून टाकलेलं आभाळातलं निघतं. जान्स्कींच्या त्याच होल्मडेलला १९६४मध्ये आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन एका शिंगाच्या आकाराच्या अँटेनातून येणारी बारीक खरखर घालवायचा प्रयत्न करत होते. अँटेनात कबुतरांनी घर केलं होतं. कबुतरं पकडून हलवली, त्यांची घाण खरवडून काढली, सांधे चिकटपट्टीनं बंद केले. खरखर गेली नाही. ती दिवसा येत होती, रात्री येत होती, सगळ्या ऋतूंत येत होती, आणि प्रत्येक दिशेनं सारखीच येत होती. ती सूर्याचं घड्याळ पाळत नव्हती आणि ताऱ्यांचंही नाही. विश्वाच्या आरंभीच्या धगीतून उरलेलं ते प्रारण होतं, आज निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंश तापमानाचं. दोघांना १९७८चं नोबेल मिळालं. जुन्या टीव्हीवर कार्यक्रम संपल्यावर ज्या मुंग्या दिसत, त्यांतला थोडा अंश याच प्रारणाचा असे. ज्यांनी दूरदर्शनचे ते दिवस पाहिले आहेत, त्यांनी विश्वाचा आरंभ नकळत पाहिला आहे.

गच्चीवरच्या धुळीचंही असंच. अंतराळातून पृथ्वीवर रोज कित्येक टन बारीक धूळ पडते. वातावरणात शिरताना तिचे काही कण वितळून गोलसर होतात आणि केसाच्या जाडीच्या दोनचार पट आकाराचे मणी बनून खाली येतात. त्यांना सूक्ष्म उल्का म्हणतात. १८७०च्या दशकात ‘चॅलेंजर’ जहाजाच्या मोहिमेत असे मणी समुद्रतळाच्या गाळातून लोहचुंबकानं वेचले होते. पुढे ते अंटार्क्टिकाच्या बर्फातही मिळाले. शहरात मात्र ते शोधणं व्यर्थ आहे, असंच सगळे धरून चालले होते, कारण शहरात गोल मणी तयार करणारे उद्योग फार. वेल्डिंगच्या ठिणग्या, ग्राइंडरचा कीस, फटाके या सगळ्यांतून तसेच मणी पडतात. योन लार्सन या नॉर्वेच्या जॅझ वादकानं हे मानलं नाही. कित्येक वर्षं तो छपरांच्या पन्हाळींतला गाळ धुऊन, चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिला. आधी त्यानं माणसाच्या उद्योगांतून पडणाऱ्या मण्यांची ओळख पटवली, आणि त्यात न बसणारे वेगळे काढले. २०१७मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले मॅथ्यू जेंज यांच्यासह त्यानं निष्कर्ष छापले: ओस्लो, पॅरिस आणि बर्लिनमधल्या छपरांवरच्या सुमारे ३०० किलो गाळातून ५०० सूक्ष्म उल्का.

आपल्याकडच्या सपाट गच्च्या या कामाला चांगल्या आहेत. पावसाळ्यात गच्चीच्या पाण्याच्या तोंडाशी साचलेला गाळ घ्यावा, पालापाचोळा काढून धुवावा, वाळवावा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यावरून फिरवावं. चिकटलेले कण बारीक चाळणीनं चाळून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. काळेभोर, आरशासारखे गुळगुळीत मणी दिसले तर लगेच हुरळून जाऊ नये. ते बहुधा शेजारच्या ग्रिलवाल्याचे किंवा दिवाळीचे असतात. खऱ्या सूक्ष्म उल्केच्या अंगावर सहसा स्फटिकांची बारीक नक्षी किंवा समांतर पट्टे असतात. मिळायला वेळ लागतो, पण यात शाळकरी मुलांना खरं संशोधन करता येतं, आणि अजून कितीतरी गच्च्या कुणी पाहिलेल्याच नाहीत.

वासाचं उत्तर थोडक्यात देतो. अवकाशात नाक उघडं ठेवणं शक्य नाही, पण चंद्रावरून यानात परतलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांनी कपड्यांना चिकटलेली धूळ हुंगली होती. तिला उडवलेल्या बंदुकीच्या दारूसारखा वास येतो, असं त्यांनी सांगितलं. अपोलो १७च्या हॅरिसन श्मिट यांना तर त्या धुळीनं सर्दीच झाली. धनू राशीतल्या एका प्रचंड वायुमेघात २००९मध्ये इथाइल फॉर्मेट सापडलं. रासबेरीच्या चवीत आणि रमच्या वासात याच रेणूचा हात असतो.

गाडीबरोबर धावणाऱ्या चंद्राचं उत्तर अंतरात आहे. रुळाकाठचे खांब जवळ असल्यामुळे सरसर मागे जातात. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर असल्यामुळे मुंबई ते कर्जत एवढ्या प्रवासानं त्याची दिशा जाणवण्याइतकी बदलत नाही. खांब मागे पडले आणि तो पडला नाही, म्हणून तो बरोबर आल्यासारखा वाटतो.

कोजागरीच्या चंद्राचं उत्तर मात्र आभाळातही नाही आणि घरातही नाही. उगवतानाचा मोठा चंद्र वातावरणामुळे मोठा दिसतो, असं अनेक शिकलेली माणसंही सांगतात. ते चूक आहे. क्षितिजावरचा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा कणभर लहानच असतो, कारण डोक्यावर असतानाच्या मानानं तेव्हा तो आपल्यापासून जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येएवढा, म्हणजे सहा हजार किलोमीटरांहून अधिक दूर असतो. हात लांब करून चिमटीत एक वाटाणा धरा. त्यामागे उगवता पूर्ण चंद्र लपतो, आणि मध्यरात्रीचाही. कॅमेऱ्यात दोन्ही सारखेच येतात. वाकून, पायांमधून उलटं पाहिलं तर बऱ्याच जणांना उगवता चंद्र एकदम लहान वाटतो. फरक मेंदू करतो. तो नेमका कसा करतो यावर दोन हजार वर्षं वाद चालू आहे आणि शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

आता संक्रांत. हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण तो विचारणाऱ्याचं निरीक्षण बरोबर असतं आणि तरीही मोठी माणसं त्याला गप्प बसवतात. मुंबईत सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, सुमारे १० तास ५८ मिनिटांचा. पण सर्वांत लवकर सूर्यास्त त्या दिवशी होत नाही. तो होऊन गेलेला असतो नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, सहाच्या जरा आधी. २१ डिसेंबरला सूर्य सहा-सात मिनिटं उशिरा, ६ वाजून ५-६ मिनिटांनी मावळतो. आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय येतो तो थेट संक्रांतीच्या सुमारास, सव्वासातला. २१ डिसेंबरला तो ७ वाजून ७ मिनिटांच्या आसपास असतो. म्हणजे या तीन-चार आठवड्यांत सकाळ आठ मिनिटांनी मागे हटते, संध्याकाळ चौदा मिनिटांनी पुढे सरकते, आणि दिवस निव्वळ सहा-सात मिनिटांनी वाढतो. तिळातिळानं वाढतो हे खरंच, पण तो सगळा तीळ संध्याकाळच्या वाट्याला येतो. मुलाला शाळेत सोडणाऱ्या आईला अंधार वाढलेला दिसतो, तो खरोखर वाढलेला असतो.

याचं कारण पुन्हा घड्याळात आहे. २४ तासांचा दिवस ही वर्षभराची सरासरी आहे. सूर्य एका दिवशी माथ्यावर आल्यापासून दुसऱ्या दिवशी माथ्यावर येईपर्यंतचा वेळ वर्षभर बदलत असतो. डिसेंबरच्या अखेरीस तो २४ तासांपेक्षा सुमारे ३० सेकंदांनी जास्त भरतो. एक तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते आणि आपल्या वाटेवर सर्वांत वेगानं धावते. दुसरं म्हणजे अक्ष कललेला असल्यामुळे त्या दिवसांत सूर्याचं ताऱ्यांमधलं सरकणं पुरतं पूर्वेकडे होतं, उत्तर-दक्षिणेत वाया जात नाही. म्हणून पृथ्वीला सूर्य गाठायला नेहमीपेक्षा थोडं जास्त फिरावं लागतं. रोज अर्ध्या मिनिटानं माध्यान्ह पुढे सरकते आणि सूर्योदय-सूर्यास्त दोघांनाही आपल्याबरोबर ओढत नेते. त्या काळात दिवसाची लांबी फारच सावकाश बदलत असल्यामुळे ही ओढ तिच्यावर मात करते.

उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होत असताना संक्रांत १४-१५ जानेवारीला का, हा पुढचा प्रश्न लगेच येतो. पृथ्वीचा अक्ष सुमारे २५,८०० वर्षांत एक फेरा पुरा करतो आणि त्यामुळे ऋतू नक्षत्रांमागून सुमारे ७१ वर्षांना एक दिवस याप्रमाणे सरकतात. संक्रांत नक्षत्रांच्या चौकटीतल्या मकरेशी बांधलेली आहे, उत्तरायण ऋतूंशी. सुमारे सतरा शतकांपूर्वी दोन्ही एकत्र होते.

यातलं काहीही मान्य करण्याआधी स्वतः तपासून पाहा. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत, पश्चिमेचं क्षितिज मोकळं दिसेल अशी एक जागा ठरवून आठवड्यातून दोनदा सूर्यास्ताची वेळ लिहा. जमेल तेव्हा सूर्योदयाचीही लिहा. दिनदर्शिकेतल्या वेळांशी त्या ताडून पाहा आणि घरातल्या मुलांना आलेख काढू द्या. मग ती वही घेऊन जवळच्या खगोल मंडळाच्या कार्यक्रमाला या. त्या रात्री ढग आले तरी चालतील.